सरोजिनीबाईंची बर्फाची पेटी

मित्रांनो, परळच्या एका प्रयोगशाळेच्या तळघरात पडलेली मी एक जुनी बर्फाची पेटी. बाहेरून सागवान, आतून जस्ताचा पत्रा. फार थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

माझी उमेदीची वर्षं सरोजिनीबाईंच्या हाताखाली गेली. त्या इथे संशोधन करत, गिरगावातून येत. कच्चे वाल पोटाला बाधतात, कारण त्यांतलं एक प्रथिन अन्न पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतं. बाईंना नेमकं तेच प्रथिन हवं होतं. प्रयोगासाठी काढलेले नाजूक पदार्थ एन्झाइममुळे तुटून जातात. हे प्रथिन घातलं, की टिकतात. बाई वाल भिजवत, वाटत, गाळत आणि तो अर्क माझ्यात बर्फावर ठेवत. गारवा गेला, की तो नासलाच. कित्येक महिने खपून बाटलीभर शुद्ध अर्क जमला, तेव्हा मला थोपटून त्या म्हणाल्या, "राखलंस हो!" एवढं कौतुक मला पुरलं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. संचारबंदी लागली, बर्फाची गाडी येईना. माझ्यात शेवटची लादी उरली होती. त्या दुपारी झाडलोट करणाऱ्या गंगुबाई धापा टाकत आल्या.

"बाई, माझ्या पोराच्या, आनंदाच्या डोक्यात लाठी बसली! फाटकात पडलाय. रगात थांबत नाय. बरफ हाय काय?"

बाईंनी माझं झाकण उघडलं. बाटलीपाशी त्यांचा हात थबकला.

"दुसरा बर्फ मिळायचा नाही," त्यांचे सहकारी जगदीश हळूच म्हणाले. "सगळं काम जाईल."

"ठाऊक आहे मला. लादी फोडा."

टॉवेलात बर्फ गुंडाळून बाई स्वतः आनंदाच्या उशाशी बसल्या. रुग्णवाहिका आली ती दिवे लागल्यावर. पोर वाचलं. अर्क मात्र गढूळला, त्याला वास सुटला. बाईंनी तो मोरीत ओतला आणि नळ तसाच सोडून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पुढे कित्येक दिवस त्यांनी वालांना हात लावला नाही. जगदीशनी कधी विषय काढला नाही. एका सकाळी मात्र बाईंनी आपणहून वाल भिजत घातले. वर्षभरात अर्क पुन्हा जमला, इतर प्रयोगशाळाही मागून नेऊ लागल्या.

राज्य झालं त्या साली विजेचा फ्रीज आला आणि मी इथे आले. आता पत्र्याला भोकं पडली आहेत, तळघराची ओल आत येते.

मित्रांनो, जमलं तर माझ्या आतली ओल तेवढी पुसा. आणि ज्याचं हातचं काम वाया गेलं, त्याला लगेच 'पुन्हा कर' म्हणू नका. जरा बसू द्या त्याला.