माफ केलेली मेहर

शहनाजने मेहर माफ केली होती, तीही चारचौघांत. उरवड्यातले दोन वडीलधारे साक्षीला, सासरे हाफीजभाई मध्ये, आणि वर सगळ्यांना बर्फी. एवढं झाल्यावर तरी प्रकरण मिटायला हवं होतं की नाही?

निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची मेहर म्हणून अतीकने रोकड न ठेवता आखातातलं आपलं शिलाईचं दुकानच तिच्या नावावर केलं, तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली होती. पुढे काही वर्षं ती तिथे गल्ल्यावर बसलीही. मग लेकीच्या, जन्नतच्या शाळेसाठी माघारी आली आणि लवळ्याला कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवू लागली. तिकडे धंदा बसला तसा अतीक कुरकुरायला लागला, प्रत्येक गोष्टीला बायकोला कुठं विचारत बसू म्हणून. रोजची कटकट नको म्हणून तिने मेहर सोडली. दुकान त्याचं, ती मोकळी, असं दोघांनीही मानलं. अल्लाच्या दारी सगळं साफ झालं. तिकडच्या सरकारला मात्र कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मधल्या काळात तिकडे छोट्या धंद्यांनाही कर लागला. तोटा असला तरी विवरण भरायचंच. नोटिसा जायच्या मालकिणीच्या तिकडच्या मोबाइलवर, आणि ते सिमकार्ड शहनाजने निघतानाच मोडून टाकलं होतं. परवान्याचं नूतनीकरण अडलं तेव्हा अतीकला पत्ता लागला. परवाना नाही म्हणून त्याचा व्हिसा नाही, आणि प्रकरण मिटेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

दुपारची जेवणं उरकून शहनाज पिरंगुटला सृष्टीच्या ऑफिसात गेली. परदेशात धंदा करणाऱ्यांची करांची कामं सृष्टी बघायची.

“मी दुकान सोडलंय वो. साक्षीदार हायेत,” शहनाज म्हणाली.

“ताई, ते तुमच्या घरात. त्यांच्या दफ्तरी मालक तुम्हीच आहात. तुमच्या मिस्टरांची सही चालत नाही.”

“मग मी हितनं करते की सही.”

“आता प्रकरण दंडावर गेलंय. मालकाने समोर हजर व्हायचं. तुम्ही गेलात की ते नुसते नोकर ठरतात, त्यांना सोडतील.” सृष्टीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण मग निकाल लागेपर्यंत तुम्हाला तिथून निघता येणार नाही.”

“किती दिस?”

“खरं सांगू? वर्षही जाईल.”

बाहेर रिक्षात बसल्यावर शहनाजला रडू आलं नाही, संताप आला. दुकान मागितलं नव्हतं तिने, आणि सोडलं तेव्हाही त्याच्याच सुखासाठी. तिच्या मागे मेस बंद पडणार. जन्नत म्हाताऱ्या आजोबांपाशी राहणार. आणि न जावं, तर लोक म्हणणार, नवऱ्याला तिकडे अडकवून बसली.

तरी ती गेली असती. लवळ्याचा चढ येईपर्यंत तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. फक्त अतीकने एकदा म्हणायला हवं होतं, तू येऊ नगं, मी बघतो काय ते. तेवढ्यावर ती हसत विमानात बसली असती.

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा ती कणीक मळत होती. शेजारी जन्नत अभ्यास करत बसलेली. हात भरलेले म्हणून शहनाजने फोन स्पीकरवर टाकला आणि सृष्टीने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“व्हय, मला हितल्या वकिलानं सांगितलंय ते,” अतीक म्हणाला.

“कदी?”

“झालं की महिना.”

शहनाजचे हात परातीत थांबले. अजूनही तो ते वाक्य म्हणेल, असं तिला वाटत होतं.

“तिकीट काढून ठेवलंय,” तो म्हणाला.

“मला न विचारता? माझा पासपोर्ट तर हितं हाय.”

“तुझं न्हाई, माझं. तू हितं पोचलीस की दुसऱ्या दिवशी निघतोय मी.”

“अब्बा येणार?” जन्नत वही टाकून उठली आणि फोनपाशी आली. “अम्मी, खरंच अब्बा येणार?”

तिकडे अतीक हसला. पोरीचा चेहरा असा काही उजळला होता की शहनाजला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

“व्हय,” ती म्हणाली, “येणार हायेत.”