उकळत्या पाण्याचं औषध

उकळत्या पाण्याचं दुसरं पातेलं काकांनी निवडुंगाच्या वाफ्यात ओतलं आणि मुंग्यांची रांग जागच्या जागी गार झाली. "आता या म्हणावं," ते समाधानाने पुटपुटले.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात उभी हयात बॉयलर सांभाळल्यामुळे सगळी गल्ली त्यांना बॉयलरकाका म्हणे. डाग असो, ढेकूण असो, तुंबलेली मोरी असो, त्यांच्याकडे औषध एकच. लेकीच्या बाळंतपणाला जाताना काकू बजावून गेल्या होत्या, की मधल्या उंच निवडुंगावर कापसासारखी पांढरी कीड दिसते आहे, ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. मुंग्या तिच्याच मागे येतात, कीड गेली की आपोआप जातील. पण काट्याकाट्यातून फडकं फिरवत बसणं काकांना रिकामटेकड्याचं काम वाटलं. त्या निवडुंगाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या. त्या उमलताना बघायच्या, एवढीच काकूंची हौस. फोनवर काकांनी मुंग्यांचा नायनाट केल्याची फुशारकी मारली, आणि काकूंनी विश्वासाने, कसा ते विचारलंही नाही.

आठवड्याभरात निवडुंग बुंध्याशी पिवळा पडला. काकांनी बोट लावून पाहिलं, तर ते सरळ आत गेलं. मुळंच शिजली होती. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. उभ्या संसारात बाईने कधी तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. एवढं एक मागितलं, तर तिथेही आपण आपलंच घोडं दामटलं. त्यांना फार वाईट वाटलं, पण फोनवर ते सांगायला जीभ रेटेना.

काकू आल्या त्या हातातली पिशवी न ठेवताच वाफ्याकडे गेल्या.

"गरम पाणी घातलंत?"

"हो."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी सुरी मागितली, शेंड्याचा हिरवा राहिलेला तुकडा कापला आणि सावलीत ठेवला.

"रुजेल का गं?"

"रुजेल. फुलायला मात्र वर्षं जातील." मग थांबून म्हणाल्या, "तेव्हा आपण असू, नसू."

तुकड्याला भार सोसायचा नाही म्हणून त्यांनी कळ्या खुडल्या, काकांच्या ओंजळीत ठेवल्या आणि हातपाय धुवायला आत गेल्या.

कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. त्या टाकवत नव्हत्या, आणि ठेवायच्या कुठे तेही समजेना. आतून काकूंनी चहाला हाक मारली तरी काका ओंजळ धरून तिथेच उभे होते.