फरशीखालचा श्वास

मायामीतल्या चुलतभावाने गेल्या वर्षी मला साबणाच्या वडीएवढी एक पेटी पाठवली. ती लॅपटॉपला जोडली की ऑसिलोस्कोप तयार होतो, म्हणजे तारेतली वीज पडद्यावर रेघ होऊन दिसते. आठवडाभर मला पेटी बिघडलेली वाटत होती, कारण पेटीच्या तारेचं टोक, म्हणजे प्रोब, कशालाही न लावता टेबलावर टाकला तरी पडद्यावर लाटा यायच्या. मग लक्षात आलं, पेटी ठीक आहे. भिंतीतल्या तारांची वीजच हवेतून प्रोबमध्ये शिरते. सेकंदाला साठ लाटा, गोल टेकड्यांसारख्या. वीज गेली की रेघ सपाट. आमच्या सिएनफुएगोस शहरात वीज रोज जाते, त्यामुळे खात्री करून घ्यायला मला फार थांबावं लागलं नाही.

पूर्वी मी पदार्थविज्ञान शिकवायचो. आता लोकांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. मान यात जास्त आहे.

समोरच्या घरात एनेइदाबाई राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. एका सोमवारी त्या रेशनची, वाटाणे मिसळलेली कॉफी घेऊन आल्या आणि न बसताच म्हणाल्या, "मास्तर, तुझ्या त्या पेटीला मेलेला माणूस दिसतो का रे?"

"जिवंतसुद्धा दिसत नाही. फक्त वीज दिसते."

"मग चालेल. आर्सेनियो चाळीस वर्षं वीजकेंद्रातच होता."

आर्सेनियो म्हणजे त्यांचा नवरा. जाऊन चार वर्षं झाली, फुप्फुसं कामातून गेली होती. बाईंचं म्हणणं असं की दुपारी वीज गेली की पलंगाखालच्या फरशीतून त्याचा श्वास ऐकू येतो. आत ओढलेला, मग थांबलेला, मग फुस्स करून सोडलेला.

"वीज गेल्यावरच का पण?"

"असताना त्याला सुट्टी कधी मिळाली?"

चूक त्यांनी एकच केली होती. हे मुलीला फोनवर सांगितलं. मुलगी ओदाल्मिस होल्गीन शहरात परिचारिका आहे, आणि तिच्या हातात आजाराचं नाव तयार होतं. शनिवारी ती आईला न्यायला येणार होती. आईच्या फ्लॅटच्या अदलाबदलीला गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं.

"शनिवारच्या आत मी वेडी नाही हे सिद्ध कर, लेका. तिच्या घरात मला शिलाईमशीनशेजारी झोपायचं नाहीये."

"आणि आवाज दुसऱ्याच कशाचा निघाला तर? मग आर्सेनियो उरत नाही, बाई."

"ते माझं मी बघते. तू तुझी रेघ बघ."

बुधवारी नेहमीप्रमाणे दोनला वीज गेली. मी लॅपटॉप त्यांच्या पलंगाखाली सरकवला, प्रोबचा चिमटा पाण्याच्या नळाला लावला आणि टोकाला वीतभर तार बांधून ती फरशीवर टाकली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी पस्तीस मिनिटं टिकते. सगळी इमारत मेल्यासारखी पडलेली, पंखा नाही, फ्रीज नाही. रेघ सपाट असायला हवी होती.

ती सपाट नव्हती. आणि टेकड्याही नव्हत्या. चौकोनी पायऱ्या होत्या: वर, थोडा थांबा, खाली, थोडा थांबा. अशी वीज रस्त्यावरून येत नाही, बॅटरीवरच्या स्वस्त इन्व्हर्टरमधून येते. मी रेघ संथ केली, तर पायऱ्यांचा तो सगळा पट्टा दर सहा सेकंदांनी फुगत होता आणि बसत होता. कान फरशीला लावला. ओढ. थांब. फुस्स. पडद्यावरचा पट्टा आणि कानातला आवाज एकाच वेळी खाली बसले. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पदवी असून काही उपयोग झाला नाही.

बाईंच्या बरोबर खालच्या मजल्यावर एवेलिओ राहतो, निवृत्त ट्रकचालक. त्याची बायको मिग्दालिया मार्चमध्ये गेली. शेवटचं वर्षभर ती ऑक्सिजनच्या यंत्रावर होती, आणि तिच्याबरोबर यंत्रही घरातून गेलं असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. त्याने दार उघडलं तेव्हा ते पलंगाशेजारी चालू होतं. खाली ट्रकची बॅटरी. नळी उशीवर नीट गुंडाळून ठेवलेली.

"आलास?" तो म्हणाला. "ऐकू जातं म्हणजे."

"दिवे असताना चालवत नाहीस?"

"दिवे असताना ती घाबरत नव्हती. वीज गेली की माझं मनगट धरायची. मी शब्द दिला होता, काहीही झालं तरी हे थांबू देणार नाही." तो यंत्राकडे बघत राहिला. "कधीपर्यंत, ते बोलायचं राहून गेलं."

मी त्याला वरचं सगळं सांगितलं. शनिवारी दोनला यंत्र चालव, मुलगी ऐकेल, विषय संपेल. तो बरं म्हणाला.

शनिवारी ओदाल्मिस सकाळीच आली आणि आल्या आल्या बॅगा भरायला लागली. दोनला वीज गेली. मी पेटी लावली, तार फरशीवर टाकली.

रेघ सपाट.

"थोडं थांबा," मी म्हणालो.

दहा मिनिटं गेली. एनेइदाबाई पलंगाच्या कडेला चपला घालून बसल्या होत्या, बस यायची असल्यासारख्या.

"मास्तर, पुरे आता," ओदाल्मिस म्हणाली. राग नव्हता, त्याहून वाईट, समजूत होती. "तुम्ही आईचं मन राखलंत, आभारी आहे. आई, ही निळी शाल घेऊ की राहू दे?"

मी जिना उतरून पळालो. एवेलिओ खुर्चीत बसला होता. यंत्र गप्प.

"बॅटरी गेली?"

"नाही. आज लावलंच नाही." त्याचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते. "पहाटे वाटलं, आता ती घाबरत नसेल. म्हटलं बघू या एक दिवस. बारा मिनिटं झाली, मास्तर. काही झालं नाही. नुसती शांतता आहे. जमतंय मला."

पाच महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस सरळ बसलेला मला दिसत होता. मी दारातच उभा राहिलो.

"एवेलिओ, वर बाईंच्या बॅगा भरताहेत."

त्याने एकदा उशीवरच्या नळीकडे पाहिलं. मग खाली वाकला आणि बटण दाबलं. ओढ. थांब. फुस्स. त्याचे खांदे हळूहळू पुन्हा पूर्वीच्या जागी गेले.

वर आलो तेव्हा पडद्यावर पायऱ्या उभ्या होत्या, फुगत होत्या, बसत होत्या. मी इन्व्हर्टर समजावला, यंत्रातल्या झडपा समजावल्या, सहा सेकंदांचं कारण सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं. ओदाल्मिस फरशीवर आडवी झाली होती, गाल लाद्यांना टेकवून, डोळे मिटून. उठली तेव्हा गालावर लादीची नक्षी उमटली होती.

"शेवटी जरा अडखळतो," ती म्हणाली. "बाबांचाही असाच अडखळायचा."

"ती झडप आहे," मी म्हणालो.

"हो, मास्तर." हे तिने तिच्या रुग्णांशी बोलावं तसं म्हटलं.

एनेइदाबाईंनी चपला काढल्या.

रविवारी ओदाल्मिस एकटीच परत गेली. बॅगा रिकाम्या होऊन कपाटावर चढल्या, अदलाबदल मोडली. एवेलिओ आता रोज यंत्र चालवतो. मध्ये एकदा विचारलं, वरच्यांसाठी का? म्हणाला, "कुणासाठी ते मला विचारू नकोस. आता बंद करायला मिग्दालियाला आणि वरच्या बाईंना, दोघींना विचारावं लागेल."

आणि दुपारी दोनला समोरच्या घरातला फोन वाजतो. एनेइदाबाई तो उचलतात, एक शब्द न बोलता रिसीव्हर फरशीवर ठेवतात आणि शेजारी बसून राहतात. पलीकडे मुलगी ऐकत असते, कधी वीस मिनिटं, कधी तास. मी एकदा विचारलं, तिकडे एवढा वेळ तिला कामं नसतात का? बाई म्हणाल्या, होल्गीनलाही त्याच वेळी वीज जाते.