सयाजीरावांचा पाईप

जर्मनीतल्या जावयानं सासऱ्यांना पाईप आणून दिला आणि आमच्या घरात काड्यापेट्या पुरेनात. सयाजीराव, म्हणजे आमचे हे, जन्मभर शिवाजी पेठेतल्या तालमीत घुमलेले. हळू म्हणून काही करता येत नाही. तंबाखू अंगठ्यानं अशी ठासायचे की आत वारा शिरायची सोय नाही. मग गालफडं आत जाईस्तोवर ओढायचे. पाईप जरा गुरगुरायचा आणि विझायचा.

"इझला की वो आबा!" समोरच्या तालमीच्या कट्ट्यावरून गुंडू ओरडायचा. पन्नाशी आली तरी त्याची जीभ अजून शाळेतच आहे.

सोडा तो नाद, असं मी कितीदा म्हटलं. पण निवृत्तीनंतर त्या कट्ट्यावर यांना कुणी विचारेनासं झालं होतं. पाईपमुळं निदान चेष्टा तरी व्हायची. एकदा मात्र ती जिव्हारी लागली आणि हे बोलून बसले, "रविवारी अख्खा पाईप न इझता वडून दावतो! इझला तर पाईप तुजा, आन् कट्ट्यावर माजं पाऊल न्हाय!"

घरी येऊन जेवले नाहीत. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. कट्टा सुटला तर हा माणूस संध्याकाळी जाणार कुठं?

मग मोबाईलवर व्हिडिओ बघून यांची शिकवणी सुरू झाली. तंबाखू तळाला सैल, वर जरा दाबून. ओढायचं ते गरम चहासारखं, सावकाश. आणि खरंच जमायला लागलं! फक्त तंबाखू ओलसर होती, ती थोडी वाळवायला हवी होती. रविवारी दुपारी हे गच्चीवर गेले आणि दिसेल त्या परातीत ती पसरून आले. चटणीचे दिवस. त्याच परातीतून मी नुकत्याच वाळलेल्या संकेश्वरी मिरच्या उचलल्या होत्या. बी आणि भुकटी तळाशी तशीच होती. विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

संध्याकाळी कट्टा भरला. यांनी पाईप झोकात पेटवला. धूर पसरला आणि गुंडूला ठसका लागला. मग शेजारच्याला, मग सगळ्यांनाच. शिंकत, खोकत माणसं रस्त्यापलीकडं पळाली. मला परात आठवली तशी मी दारातून ओरडले, "अहो, टाका तो!"

यांनी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांतून धारा, नाक लालबुंद, पण झुरके अगदी सावकाश, शिकल्याबरहुकूम. पाईप शेवटपर्यंत विझला नाही.

"आबा, जिंकलासा!" नाकाला रुमाल लावून गुंडू पलीकडून ओरडला. "पाया पडतो, पन त्यो आत न्हेऊन ठेवा!"

यांनी रिकाम्या कट्ट्याकडं पाहिलं. आवाज पार बसला होता.

"आरं, जिंकलोय न्हवं?" हे म्हणाले. "मग शेजारी कोन तरी बसा की रं!"