कायमचा पलंग

नेव्हिल मोटार मागे घेत होता, तेव्हा लोर्ना दोन्ही हातांनी त्याला खुणा करत होती आणि तो तिच्याकडे न बघता आरशात बघत होता. मोटारीला जोडलेली त्याची जर्मन कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर, गवतावरून सरकत आली आणि लोर्नाच्या इंग्लिश कॅरव्हॅनच्या शेजारी थांबली.

"मी डावीकडे म्हणत होते."

"दिसत होतं मला."

"मग?"

"मला उजवीकडे जायचं होतं."

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरचा हा कॅरव्हॅनचा तळ दोघांच्याही जुन्या ओळखीचा. लोर्ना इथे नवरा ग्रॅहमबरोबर यायची, नेव्हिल बायको हेझेलबरोबर. पण महिने वेगळे असल्यामुळे चौघांची गाठ कधी पडली नव्हती. ग्रॅहम जाऊन सहा वर्षं झाली होती, हेझेल जाऊन तीन. आता नेव्हिल स्वतःचं घर सोडून हेक्सहॅमला लोर्नाकडे राहायला येणार होता. तिच्या घराशेजारी कॅरव्हॅनला जागा होती, पण एकीलाच. दुसरी विकावी लागणार होती. कुठली, ते ठरवायला दोघं दोन्ही घेऊन इथे आले होते. आधी काही रात्री हिच्यात राहायचं, मग काही रात्री तिच्यात.

सुरुवात लोर्नाच्या कॅरव्हॅनपासून झाली. पुढे मोठी खिडकी, तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लांब बाकं, मधे स्वयंपाकाची जागा, मागे ऐसपैस न्हाणीघर. लोर्नाने पहिल्याच संध्याकाळी ओव्हनमध्ये मटण भरलेला मोठा पॅटिस भाजला आणि नेव्हिलच्या ताटात मोठा तुकडा ठेवला.

"हा जर्मन ओव्हनमध्ये केला असता तर कसा झाला असता?" तिने विचारलं.

"माझ्यात ओव्हन नाही, हे तुला माहीत आहे."

"म्हणून तर विचारते."

"तिकडचे लोक बाहेर उघड्यावर बसून जेवतात."

"तिकडे ऊन असतं नेव्हिल. इथे छत्री धरून सूप प्यायचं?"

नेव्हिलने ताट पुसून खाल्लं. मग त्याने आपली बाजू मांडली. जर्मन भिंती जाड. बर्फातही आत ऊब राहते. सामान दुप्पट नेता येतं. इंग्लिश कॅरव्हॅन हलकी असते, दिसायला छान असते, आणि दहा वर्षांत कोपऱ्यातून ओल धरते. असं म्हणत त्याने खिडकीखालचा कोपरा अंगठ्याने दाबला. तो किंचित दबला. लोर्नाने ते पाहिलं आणि ताटं उचलली.

"तुझं दार उजवीकडे आहे," ती मोरीपाशी जाऊन म्हणाली. "रस्त्याच्या कडेला थांबलं की उतरायचं ते थेट लॉरीखाली."

"मी आधी डोकावून बघतो."

"हो. तू सगळंच आधी डोकावून बघतोस."

झोपायची वेळ झाली तेव्हा तिने एका बाकावर त्याचं पांघरूण टाकलं, दुसऱ्यावर आपलं. दोन्ही बाकं जोडून मोठा पलंग होतो, पण ती खटपट कोण करणार, असं ती म्हणाली. नेव्हिललाही ते पटलं. दोघं मधली वाट सोडून, दोन बाजूंना झोपले.

मग मुक्काम जर्मन कॅरव्हॅनमध्ये हलला. तिच्यात मागच्या बाजूला कायमचा पलंग होता. जाड गादी, उशाशी दिवा, हाताला येईल असं शेल्फ. मांडायला नको, आवरायला नको. लोर्ना त्यावर बसून बघून म्हणाली, "हे मात्र मान्य." नेव्हिलला जिंकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्याने स्वतःहून भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. लोर्ना पुस्तक घेऊन पलंगावर आडवी झाली आणि वाचता वाचता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा खिडकीचा पडदा ओढलेला होता. पडदा तिने ओढला नव्हता.

मान न हलवता तिने पुढे बघितलं. नेव्हिलच्या पायात बूट नव्हते. तो मोज्यांवर उभा राहून नळ सोडत होता, इतका बारीक की पाण्याचा आवाज होऊ नये. किटलीला शिट्टी येण्याआधीच त्याने ती उचलली. झाकण ठेवताना खाली दुसरा हात धरला. हे सगळं तो सहज करत होता, त्याकडे लक्षही न देता.

लोर्नाने शेल्फकडे हात नेला. तिथे पाण्याचा पेला होता. पेल्यात वाकवलेली स्ट्रॉ होती.

ती उठून बसली. नेव्हिल वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे.

"मी नुसती वाचत होते," लोर्ना म्हणाली.

"हो." त्याने किटली खाली ठेवली. "सवय."

पाऊस छतावर वाजत होता.

"हेझेलला केव्हाही आडवं व्हावं लागायचं," तो म्हणाला. "गाडी थांबवायची, की लगेच. पलंग मांडेपर्यंत ती उभी राहू शकायची नाही. म्हणून ही घेतली."

"आणि जाड भिंती?"

"त्या नंतर कळल्या."

लोर्नाने पेला उचलला आणि ती पाणी स्ट्रॉनेच प्यायली. सगळं संपेपर्यंत.

संध्याकाळी तिने निर्णय सांगून टाकला. जर्मनच ठेवायची. तिच्या कॅरव्हॅनला ओल आली आहे, हे खरं आहे. ओव्हन काय, घरी आहेच. दुसऱ्या दिवशी लोर्नाने आपली कॅरव्हॅन विकायची असल्याचं तळाच्या ऑफिसात सांगून ठेवलं, आणि दुपारच्या जेवणाच्या सुमारास रॉबसन नावाचे एक गृहस्थ बघायला आले. पलीकडच्या रांगेत ते आणि त्यांची बायको डोरीन तंबूत राहत होते आणि तंबूला कंटाळले होते.

लोर्नाने त्यांना सगळं दाखवलं. ओल्या कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. नेव्हिल दारात टेकून उभा होता.

"आणि झोपायचं कसं?" रॉबसननी विचारलं.

"या बाकाखालून फळ्या ओढायच्या, त्या समोरच्या बाकावर टेकवायच्या, वर गाद्या लावायच्या. पण दोघं लागतात. एकाने तिकडचं टोक धरलं नाही तर फळ्या परत आत जातात."

"मग तुम्ही एकट्या असताना काय करता?"

"नाही मांडत."

"म्हणजे सहा वर्षं..." नेव्हिल दारातून म्हणाला, आणि थांबला.

लोर्ना बाकाची चादर सारखी करू लागली.

रॉबसननी मान हलवली. "डोरीनचा गुडघा गेलाय हो. रोज रोज ही कसरत तिला जमायची नाही."

"माझी बघा," नेव्हिल म्हणाला.

लोर्नाने वर पाहिलं, पण तो पायरी उतरला होता.

खिडकीतून तिला दोघं दिसत होते. रॉबसन जर्मन कॅरव्हॅनमध्ये शिरले. नेव्हिल बाहेरच उभा राहिला, हात खिशात घालून.

"अहो, या ना आत, दाखवा!" रॉबसननी हाक मारली.

"तुम्हीच बघा. कळण्यासारखं आहे सगळं."

थोड्या वेळाने डोरीन काठी टेकत आली. तीही आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतून तिचं हसणं ऐकू आलं. नेव्हिलने बुटाने गवत सारखं केलं.

व्यवहार ठरला. नेव्हिल आपलं सामान एका खोक्यात भरून इकडे घेऊन आला. किटली, दोन स्वेटर, नकाशे. लोर्नाने खोकं ठेवायला जागा करून दिली.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू समजूतदारपणे बोलली असतीस."

"आणि ओलीचं काय?"

"काढू. कोपरा उघडावा लागेल. वाळवू, बुजवू." त्याने तो कोपरा परत एकदा अंगठ्याने दाबला. "फार नाही गेलेला."

उत्तरेकडच्या उन्हाळ्यातली संध्याकाळ; बाहेर अजून लख्ख उजेड होता. जेवण झाल्यावर लोर्नाने बाकावरचं पांघरूण उचललं, हातात धरून ठेवलं, आणि मग खाली वाकून फळ्यांचा पट्टा शोधला.

"धर ते टोक."

"धरलं."

"ओढ."

"ओढतोय की."

"माझ्याकडे नाही, तुझ्याकडे!"

फळ्या खाड्कन आत गेल्या. लोर्ना खाली बसली आणि डोळे पुसावे लागेपर्यंत हसली. दुसऱ्या खेपेला फळ्या टेकल्या. गाद्या लावल्या, तर मधे फट राहिली आणि एक गादी उरली.

"ही कुठे जाते?"

"आठवत नाही," लोर्ना म्हणाली. "ती ग्रॅहम लावायचा."

नेव्हिलने गादी उचलून छातीशी धरली. मग त्याने ती उलटी केली.

"अशी बसते का बघू," तो म्हणाला. "ये, तू तिकडून दाब."