हौदाचा कॉक

चंद्रव्वाने गुडघ्यावर हात टेकला, खाली वाकली आणि नळाच्या पाइपला कान लावला. आत वारा सूं सूं करत होता. म्हणजे पाणी निघालं होतं. अजून मागच्या गल्लीत असेल, पण निघालं होतं. तिने पदर खोचला, हौदाचं लोखंडी झाकण ओढून बाजूला केलं आणि कॉक उघडा ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

उजाडायला अवकाश होता. घरात श्रीशैल, त्याची बायको श्रीदेवी आणि नात काव्या, तिघंही पंखे फुल करून झोपलेले. पाणी येणार म्हणून त्यांच्यापैकी कुणी कूससुद्धा बदलली नव्हती. कशाला बदलेल? चंद्रव्वा होती की.

जुळे सोलापुरातल्या त्या कॉलनीत पाणी रोज येत नसे. चौथ्या दिवशी यायचं, पाचव्या दिवशी यायचं, कधी पहाटे, कधी ऐन उन्हात. घरातल्या बाकीच्यांचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा, चंद्रव्वाचा पाण्यापासून सुरू होऊन पाण्यापाशीच संपायचा. नवरा गेल्यावर श्रीशैल तिला गावाहून घेऊन आला तेव्हापासून हे असंच चाललं होतं. "अव्वा, तू एकटी तिकडं काय करतीस? चल आमच्याकडं," तो म्हणाला होता. ते ऐकून तिला भरून आलं होतं. आल्यानंतरच्या पहिल्याच पाण्याला सुनेने तिला हौद, मोटार आणि कॉक दाखवला. तेव्हा मात्र तिला काही वाटलं नव्हतं.

पहिलं गढूळ पाणी कुंड्यांना. मग फडकं बांधून प्यायच्या पाण्याच्या कळश्या. मग हौद, हौद भरत आला की मोटार, आणि वरची टाकी वाहायच्या आत मोटार बंद. या सगळ्यात कुणी ना कुणी तिचं डोकं उठवायचंच. पाण्याच्या आदल्या दिवशी श्रीदेवी नेमके पडदे धुवायला काढायची. श्रीशैल दाढी करताना बेसिनचा नळ सोडून फोनवर बोलत राहायचा. भिंतीपलीकडच्या सुंदरम्माच्या नळाला पाणी आधी यायचं आणि ती ते असं ओरडून सांगायची, जणू तिनेच डोक्यावरून वाहून आणलंय.

"आलं की गं चंद्रव्वा! तुमच्याकडं न्हाय आलं अजून?"

"यील की. तुझ्याकडनं उरलं तर यील."

पण सगळं भरून झालं, हौद काठोकाठ झाला की त्यानंतरचा अर्धा तास तिचा असायचा. ताज्या पाण्याची बादली घेऊन ती निवांत अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची आणि पायरीवर बसून स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायची. चहात कडक भाकरीचा तुकडा मोडून टाकायचा, मऊ झाला की बोटानेच उचलून खायचा. सुंदरम्मा भिंतीवर हनुवटी टेकून उभी राहायची आणि चंद्रव्वा तिला ऐकवायची.

"या पाण्यापायी माजं कुटं जानं-येनं ऱ्हायलं न्हाय बघ. दिराच्या नातीचं बारसं झालं, मला जाता आलं न्हाय. मी गेले तर हितं कोन बघनार? ही तिघं घोटभर पान्याला महाग हुतील."

"खरं हाय," सुंदरम्मा म्हणायची. "तू हायस म्हणून चाललंय."

हे वाक्य आलं की चंद्रव्वाचा चहा संपायचा.

त्या आठवड्यात श्रीशैल संध्याकाळी आदिनाथ प्लंबरला घेऊन आला. आदिनाथने हौदात एक वायर सोडली, टाकीत एक सोडली, मोटारीशेजारी डबी बसवली. डबीवर हिरवा दिवा लागला.

"बघ अव्वा," श्रीशैल म्हणाला, "आता कॉक कायम उघडा. पाणी आलं की हौद आपोआप भरतोय. मोटार आपली आपण चालू हुतीय, बंद हुतीय. तू मोकळी!"

"बरं झालं बाई," चंद्रव्वा म्हणाली, आणि ते खरंच मनापासून म्हणाली. गुडघे दुखत होते तिचे.

पुढचं पाणी आलं तेव्हा ती सवयीने उठली. पाइपला कान लावला नाही, लावायचं कारण नव्हतं. हौद भरला, डबीत खट्ट झालं, मोटार घरघरली, थोड्या वेळाने पुन्हा खट्ट झालं आणि थांबली. चंद्रव्वा हात मांडीवर ठेवून पायरीवर बसून राहिली. तिने चहा केला, पण तो तिला गोड लागला नाही. सुंदरम्माने भिंतीवरून विचारलं, "झालं का गं भरून?" तर "भरलं असंल," म्हणून ती पेला विसळायला आत गेली.

त्याच रात्री जेवताना श्रीशैलने शेंगाचटणीवर तेल घालता घालता विषय काढला.

"अव्वा, गावाकडं जाऊन ये की. काका लई दिवसांपासनं बोलवायलेत. तुला जायला जमत नव्हतं म्हणून मीच गप्प होतो."

"जाते की. चार दिवस राहून येते."

"चार दिवसच कशाला? निवांत राहा. पाऊस लागेपर्यंत राहा. इकडं आता तुझ्यावाचून काय अडलंय?"

तो हे प्रेमाने बोलला. चंद्रव्वाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. तिने घास चावला आणि सुनेकडे पाहिलं. श्रीदेवी ताटाकडे बघून म्हणाली, "काव्याचं दहावीचं वर्ष आहे ना आई. तिला वेगळी खोली झाली असती तर बरं झालं असतं. म्हणजे तुम्ही नसताना फक्त."

दुसऱ्या दिवशी काव्या टेप घेऊन खोलीत आली. चंद्रव्वाच्या खाटेमागची भिंत मोजली. टेबल बसतंय का बघितलं, बसत होतं. "अज्जी, तू आल्यावर मी परत हॉलमध्ये जाणार हां," ती म्हणाली. पोरगी मनाने वाईट नव्हती. तिला खोली पाहिजे होती, एवढंच.

दुपारी घर मोकळं झाल्यावर चंद्रव्वाने दिराला, गुरप्पाला फोन लावला.

"या की वैनी," तो म्हणाला. "घर तुमचंच हाय. कवा येनार?"

"तुमी मला बोलावलंय म्हनं? श्रीशैल सांगत हुता."

"मी?" गुरप्पा घुटमळला. "व्हय, म्हंजे... या की. त्यात काय बोलवायचं. किती दिस ऱ्हायचं म्हनताय?"

"पाऊस लागेपर्यंत."

गुरप्पा खाकरला.

"बरं, बरं. तुमच्या खोलीत खताची पोती रचल्यात. काढतो की. टाकतो कुटंतरी."

तो चांगल्या मनाचा माणूस होता. नाही म्हणाला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. तिने फोन ठेवला आणि बराच वेळ पदराने त्याची काच पुसत बसली. इथे तिला कुणी ठेवून घेत नव्हतं, तिथे कुणी बोलावलं नव्हतं. या वयात माणसाने पोत्यांशेजारी जाऊन निजायचं, तेही पाहुणी म्हणून. तिला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सकाळच्या एसटीने निघायचं ठरलं. पाणीही त्याच पहाटे येणार होतं. शनिवारी श्रीदेवीने तिची बॅग भरून दिली. घड्या फार नीट घातल्या होत्या, पाहुण्यांच्या घालतात तशा. काव्याने टेबल खोलीत आणून लावलं, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. संध्याकाळी काव्याने बाहेरच्या नळावर सायकल धुतली आणि ती आत गेली. श्रीशैल गाडी घेऊन कुठेतरी गेला होता. चंद्रव्वा कुंडीतल्या जास्वंदीला पाणी घालायला बाहेर आली.

नळाच्या शेजारीच हौदाचा कॉक होता. त्याच्याकडे बघत ती उभी राहिली. तांब्या कुंडीच्या कडेवर ठेवला. मग इकडेतिकडे न बघता वाकली आणि कॉक फिरवून गच्च बंद केला. इतकी वर्षं सवयीचाच होता तो, तिच्या हाताला जड गेला नाही. उठताना मात्र तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पहाटे पाइपमध्ये वारा सूं सूं करायला लागला तेव्हा ती जागीच होती. पलीकडे सुंदरम्माच्या हौदात धार पडल्याचा आवाज आला. इकडे काही नाही. अजून उठता येत होतं. चार पावलं चालून कॉक उघडला असता तर कुणाला कळलंही नसतं. चंद्रव्वा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बऱ्याच वेळाने सुंदरम्माची धार बारीक झाली, मग थांबली. आता उठून काही उपयोग नव्हता, हे कळल्यावर तिला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

सात वाजता श्रीदेवी बाथरूममधून ओरडली. नळाला थेंब नव्हता. टाकी कोरडी, हौदात तळाला नुसता गाळ. डबीवरचा दिवा हिरवागार जळत होता. श्रीशैलने आदिनाथला फोन लावून शिव्या घातल्या.

"सेन्सर बरोबर हाय साहेब," फोनमधून आवाज आला. "कॉक बघा की आधी."

कॉक बंद होता.

"कुणी बंद केला?" श्रीशैलने विचारलं. उत्तर त्याचं त्यालाच सुचलं. "काल सायकल कुणी धुतली?"

"मी बाहेरचा नळ बंद केला फक्त," काव्या म्हणाली. "कॉकला हात पण नाही लावला पप्पा."

"नळ समजून कॉक फिरवलास!" श्रीदेवी म्हणाली. "डोकं कुठं असतं तुझं?"

"नाही गं मम्मी, खरंच—"

श्रीदेवीने तिच्या थोबाडीत मारली. घरात पाणी नव्हतं, रविवार होता, ती शिकवायची त्या शाळेच्या पेपरांचा गठ्ठा तपासायचा पडला होता. ते सगळं त्या एका चपराकीत आलं. काव्या गालावर हात ठेवून उभी राहिली. रडली नाही. तिने एकदा अज्जीकडे बघितलं आणि मग खाली फरशीकडे बघत राहिली.

"अगं मारू नको पोरीला," चंद्रव्वा म्हणाली.

एवढंच तिच्या तोंडून निघालं. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, तिथेच राहिलं. कारण तेवढ्यात श्रीदेवी तिच्याकडे वळली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, तुम्ही बघत होता तोवर असं एकदाही झालं नव्हतं हो."

इतक्या वर्षांत सुनेने हे कधी म्हटलं नव्हतं. चंद्रव्वाने ते मनात पुन्हा एकदा ऐकलं.

"जाऊ दे अव्वा, तू आता जाऊ नकोस," श्रीशैल म्हणाला. तिची दाराशी ठेवलेली बॅग त्याने उचलून आत नेली. "या मशिनीचं काय खरं न्हाय. घरात माणूस पाहिजे. काकांना सांगतो मी."

"तुला कशाला तरास," चंद्रव्वा म्हणाली. "मी करते फोन."

फोनवर गुरप्पा "अरे अरे" म्हणाला, पण त्याचा आवाज मोकळा झालेला तिला ऐकू आला.

दुपारी काव्याने टेबल खोलीतून बाहेर काढलं. एकटीनेच, एक एक पाय उचलत. श्रीशैल मदतीला आला तर "नको" म्हणाली. भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक काढलं, चिकटपट्टीबरोबर थोडा रंग निघाला. चंद्रव्वा खाटेवर बसून बघत होती. पोरीच्या गालावर बोटं उमटलेली नव्हती, तरी तिला ती दिसत होती.

शेवटी सकाळीच हॉलमध्ये नेलेली अज्जीची उशी काव्या घेऊन आली. खाटेवर ठेवली, अभ्रा सारखा केला आणि तशीच उभी राहिली. बाहेर आईबाबांचं टँकरवाल्याशी फोनवर बोलणं चाललं होतं.

"अज्जी," ती हळू आवाजात म्हणाली, "मी काल सायकलची किल्ली विसरले होते. ती घ्यायला परत आले होते मी."

चंद्रव्वाने तिच्याकडे पाहिलं.

"तुला जायचं नव्हतं तर सांगायचं होतंस की."

"कुनाला सांगू?"

काव्याने दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मला," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

चंद्रव्वा उशीवर हात ठेवून बसून राहिली. पोरीला हाक मारावी, जवळ घ्यावं, सुनेसमोर उभं राहून आत्ताच्या आत्ता सगळं सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. ती तोंड उघडणार तोच गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला.

"आई!" श्रीदेवीने स्वयंपाकघरातून आवाज दिला. तिच्या आवाजात आज मऊपणा होता. "टँकर आलाय, जरा बघता का? तुम्ही असलात म्हणजे काळजी नाही."

"आलेऽ," चंद्रव्वा म्हणाली.

हॉलमध्ये काव्या टेबलाशी बसली होती. टेबल भिंत आणि सोफ्याच्या मधे कसंबसं बसलं होतं, मागून जायला जागा नव्हती. अज्जीची पावलं ऐकून तिने मान वर केली नाही. नुसती खुर्ची पुढे ओढून तिला वाट करून दिली.