मोडक्या पिसाचं रानकबूतर

सुखदा पीएचडीसाठी नागपूरहून बंगळुरूला आली, त्याला सहा वर्षं झाली होती. येलहंक्याच्या संशोधन संस्थेत तिचे दिवस दोन जातींच्या रानकबुतरांची तुलना करण्यात चालले होते. एक निलगिरीचं, दुसरं श्रीलंकेचं. दोघांच्याही मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी. फरक पाठीत. निलगिरीच्याची पाठ लालसर तपकिरी, लंकेच्याची काळपट करडी.

तिच्या मार्गदर्शकांचं, श्रीरंग सरांचं, नाव झालं ते एका निबंधामुळे. संस्थेच्या खणात कापूस भरून जपलेलं काळपट पाठीचं एक कबूतर होतं आणि त्याच्या पायातल्या चिठ्ठीवर बंगळुरूजवळच्या टेकडीचं नाव होतं. म्हणजे लंकेची जात एके काळी इथेही होती, असं सरांनी मांडलं. सुखदाचा प्रबंध त्यावरच उभा होता.

जानेवारीत तिला ते पक्षी गोळा करणाऱ्याची जुनी वही सापडली. टेकडीवरच्या पक्ष्याची नोंद स्पष्ट होती: ‘पाठ लालसर तपकिरी, शेपटीचं एक पीस मोडलेलं.’ तिने खण उघडला. मोडक्या पिसाचं कबूतर होतं, पण त्याच्या पायात श्रीलंकेची चिठ्ठी. कधीतरी कोणाकडून तरी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती; काळपट पाठीचं कबूतर लंकेहूनच आलेलं होतं.

ती वही घेऊन सरांच्या खोलीत गेली. सरांनी ती उघडलीच नाही.

“पान एकेचाळीस ना?”

सुखदा खुर्चीत बसली. “तुम्हाला माहीत होतं, सर?”

“निबंध छापून आल्यावर दोन वर्षांनी कळलं. तोवर लोक त्याचे दाखले देऊ लागले होते.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुझी शिष्यवृत्ती मेमध्ये संपते. सगळं नव्याने करायचं तर आणखी तीन-चार वर्षं. मी तुला अडवत नाही. विचार कर.”

अडवलं असतं तर बरं झालं असतं. तिला डेंग्यू झाला तेव्हा सरांच्या बायकोने, वासंतीकाकूंनी, पंधरा दिवस घरी ठेवून तिला पेज भरवली होती. या शहरात तिचं दुसरं घर नव्हतं.

सरांचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना तिने तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी वहीतली ती ओळ जशीच्या तशी परिशिष्टातल्या सातव्या तक्त्यात घातली. वर एका शब्दाचंही भाष्य नाही. ज्याला बघायचं तो बघेल. मसुदा वाचून सरांनी त्या पानावर पेन्सिलने बरोबरची खूण केली आणि कानडी सवयीने म्हणाले, “सरी, ठीक आहे, राहू दे.”

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी कौतुक केलं, एकाने छपाईच्या चुका दाखवल्या. सातवा तक्ता कोणी उघडला नाही. ती वाट बघत राहिली.

“तुम्हाला आणखी काही सांगायचंय?” अध्यक्षांनी विचारलं.

सर समोरच्या कागदांकडे बघत होते.

“नाही,” सुखदा म्हणाली.

संध्याकाळी सरांच्या घरी जेवण होतं. पानावर बसताना सरांनी तिच्या हातात लिफाफा दिला. संस्थेतल्या पक्षिसंग्रहाची जबाबदारी, पाच वर्षांसाठी. त्या खणाच्या किल्ल्या आता तिच्याकडे येणार होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकडीची चिठ्ठी लावलेलं ते काळपट कबूतर दाखवण्याचं कामही.

“घरातच राहिली की गं पोर,” काकू हसून म्हणाल्या. “वाढू आणखी थोडं?”

सुखदाने वाटी पुढे केली.